मामांच्या सायकलीचा बी.बी. : चारदा घट्ट करूनही न थांबलेली टकटक

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ. पाऊस नुकताच उघडला होता. मामा सायकल हाताने ढकलत दुकानापाशी आले. ज्याची सायकल चालते तो तिच्यावर बसून येतो. ढकलत आणलेली सायकल दिसली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

मामा डबेवाले, मूळचे मावळातले. सकाळी परळ-भोईवाड्यातल्या घरांतून तीस-पस्तीस डबे गोळा करायचे, हँडलला आणि कॅरिअरला लटकवायचे, हिंदमाताच्या चौकातून दादर स्टेशन गाठायचं. तिथून डबे लोकलच्या मालडब्यातून फोर्टकडे जातात आणि दुपारनंतर रिकामे होऊन त्याच वाटेने घरोघर परततात. मुंबईत हे काम १८९० पासून चालू आहे आणि स्टेशनपर्यंतचा टप्पा आजही बहुतेक सायकलीवरच होतो. मामांची सायकल काळी, दांड्याची, रॉड ब्रेकची. वीस वर्षं वापरातली.

"मिस्त्री, पायडल लई जड झालंय बघा. आन् ती टकटक होती ती तशीच हाय."

हे बोलणं मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. दुकानात दोनशे पानी वही ठेवलेली असते. जी सायकल दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा त्याच तक्रारीसाठी कुठूनतरी फिरून येते, तिची नोंद मी त्यात करतो. मामांच्या बोलण्यात दोन तक्रारी होत्या. टकटक जुनी, जडपणा नवा. दोन्हींचं कारण एकच असेल असं मी धरून चाललो असतो तर पाचव्यांदा तीच चूक झाली असती.

आधीची हकीकत विचारली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डावा पाय खाली दाबला की "टक" असा आवाज यायला लागला. दोन्ही पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या एक्सलला जोडलेले असतात तो फ्रेमच्या तळाच्या नळीत पोलादी छर्ऱ्यांवर फिरतो. त्या सांध्याला बी.बी., म्हणजे बॉटम ब्रॅकेट म्हणतात, आणि छर्रे धरणाऱ्या दोन्हीकडच्या आट्यांच्या वाट्या म्हणजे कप. वाटेतल्या एका कारागिराने डाव्या बाजूचा कप आवळून दिला. चार दिवस बरे गेले, मग आवाज परत. दुसऱ्या वेळी कप आणखी आवळला आणि डाव्या क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन नवी ठोकली. जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं, मामा डब्यांसकट त्या पाण्यातून सायकल ढकलत गेले, आणि पुढच्याच आठवड्यात खालून रखरख ऐकू यायला लागली. तिसऱ्या कारागिराने डावा कप उघडला, छर्रे कमी दिसले म्हणून दोन नवे टाकले, वरून ग्रीस भरलं आणि कप बसवला. चौथ्या वेळी पुन्हा आवळणं.

त्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. सकाळी साडेनऊला डबेवाला समोर उभा असतो, त्याला गाडी गाठायची असते, आणि दहा मिनिटांत जे होण्यासारखं आहे तेच ते करतात. पण बी.बी. हे दहा मिनिटांचं काम नाही.

उघडण्याआधी

पाना लावण्याआधी मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, क्रँकची. सायकल भिंतीला टेकवून भाच्याला ब्रेक धरायला सांगितलं, दोन्ही क्रँक आडवे केले आणि दोन्ही पायडलवर उभा राहिलो, आधी डावा पुढे ठेवून. मग उतरून क्रँक अर्धा फेरा फिरवले आणि उजवा पुढे ठेवून पुन्हा उभा राहिलो. दुसऱ्यांदा वजन पडताच डावीकडून "टक" आला. क्रँक आणि एक्सल यांच्यामधला सांधा दोन्ही दिशांनी दाबला गेला की सैल कॉटर अशी बोलते. बेअरिंगचा दोष असा एका झटक्यात बोलत नाही. म्हणजे जूनपासूनचा आवाज कॉटरचा होता.

दुसरी, ढिलेपणाची. चेन उतरवली, एक क्रँक टोकाला धरून फ्रेमकडे आणि बाहेर असा हलवून पाहिला. एकच क्रँक हलतो आणि दुसरा गप्प राहतो तेव्हा कॉटर सैल असते; दोन्ही बरोबर हलतात, म्हणजे डावा आत येताना उजवा बाहेर जातो, तेव्हा बेअरिंगमध्ये ढील असते. इथे एका जागी दोन्ही बरोबर हलत होते आणि जरा फिरवलं की अजिबात हलत नव्हते.

तिसरी तपासणी त्याचीच पुढची पायरी. चेन काढलेली असताना क्रँक दोन बोटांनी हळूहळू फिरवला. मधेच जड, मधेच मोकळा. एक्सल वाकलेला असेल तर जड जागा दर फेऱ्याला त्याच कोनात येते, म्हणजे उदाहरणार्थ उजवा क्रँक वर असतानाच. इथे ती जागा दर वेळी सरकत होती. मी क्रँकवर खडूने खूण करून सहा-सात फेरे मोजले. क्रँकचा एक फेरा होतो तेव्हा छर्ऱ्यांचं कडं अर्ध्या फेऱ्यापेक्षाही कमी पुढे सरकतं; म्हणून जड जागा क्रँकबरोबर येत नसेल आणि आपल्याच गतीने फिरत असेल, तर दोष छर्ऱ्यांत शोधावा. तिसऱ्या कारागिराने टाकलेले दोन नवे छर्रे तेव्हाच माझ्या डोक्यात आले.

कॉटर काढताना

या सायकलींचा बी.बी. निम्म्या वेळा कॉटर काढताना खराब होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

कॉटर म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीची, एका बाजूने उतरती सपाट केलेली पोलादी खिळी. ती क्रँकमधून आरपार जाते आणि तिची सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर पाचरीसारखी बसते. ती काढायला मागून हातोडा मारावा लागतो. क्रँकला खालून आधार नसेल तर तो ठोका एक्सलमधून थेट छर्ऱ्यांवर जातो, आणि छर्रे ज्या चाकोरीतून फिरतात तिच्यात खळगे पाडतात. कडक पोलादात पडलेला खळगा पुन्हा भरून येत नाही.

माझ्याकडे जाड पाइपचा एक तुकडा आहे, जमिनीपासून क्रँकपर्यंत पोचेल इतक्या मापाचा कापलेला. कॉटरचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा क्रँक त्याच्यावर टेकवायचा. नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग मोठ्या हातोड्याचा एकच नेमका ठोका. छोट्या हातोड्याचे वीस ठोके कॉटरचं टोक फुलवतात आणि ती आणखी घट्ट बसते.

मामांची डावी कॉटर एका ठोक्यात, जवळजवळ न सांगता निघाली. उजेडात धरून पाहिली. सपाट बाजूवर चकाकी फक्त एका टोकाला होती, तांदळाच्या दाण्याएवढी. बाकी सगळा भाग कारखान्यातून आला तसाच कोरा. म्हणजे दीड महिना मामांचा डावा पाय, अंगाचं वजन आणि पस्तीस डबे ओढण्याचा जोर, सगळं त्या दाण्याएवढ्या जागेवर तोललं गेलं होतं. नवी कॉटर पाकिटातून काढून तशीच ठोकली होती. कानशीने घासून बसवली नव्हती.

आतलं

डाव्या कपला जागेवर पक्कं धरणारी लॉकरिंग हुक पान्याने सोडवली. फुटपाथवर बहुतेक जण छिन्नी आणि हातोडीने तिच्या खाचा मारून फिरवतात. या लॉकरिंगच्या सहापैकी चार खाचा त्यातच गेल्या होत्या. डावा कप सरळ आट्यांचा, नेहमीच्या दिशेने सुटतो. खाली कापड अंथरून एक्सल बाहेर ओढला.

आत ग्रीस होतं, पण दुधाळ चहाच्या रंगाचं. ग्रीसमध्ये पाणी घुसळलं गेलं की ते असं दिसतं. ते अजून चिकट लागतं म्हणून माणूस फसतो, पण त्यातलं पाणी छर्ऱ्यांना गंज चढवतच असतं.

सगळं रॉकेलमध्ये धुतलं आणि छर्रे वाटीत काढले. डावीकडे अकरा, उजवीकडे दहा आणि एका फुटलेल्याचे तुकडे. या जातीच्या बी.बी.त पाव इंची छर्रे लागतात, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि पिंजरा न वापरता सुटे भरले तर एका बाजूला अकरा.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यांची गिरणी त्यानंतर धड उभी राहिली नाही, आणि त्यांनी हे दुकान घातलं. त्यांचा व्हर्निअर, बारीक जाडी मोजायचं हत्यार, अजून माझ्या खणात असतो, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. सायकलच्या दुकानात व्हर्निअर कशाला, असं लोक विचारतात. अशाच कामासाठी. डावीकडचा एक-एक छर्रा मोजला. नऊ जुने: ६.२८, ६.२६, काही ६.२४ सुद्धा. दोन नवे: ६.३४ आणि ६.३६.

फरक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा. पण पालखीला नऊ बुटके आणि दोन उंच भोई लावले तर सगळा भार त्या दोघांच्या खांद्यावर येतो. इथे तेच झालं होतं. कप आवळला की फक्त ते दोन नवे छर्रे चाकोरीत रुतायचे आणि पायडल जड व्हायचं. ते पुढे सरकले की बाकीचे नऊ सैल आणि क्रँक हलायचा. मामांना एकाच वेळी जड आणि ढिलं का वाटत होतं ते कळलं. छर्रे बदलायचे तर सगळे बदलायचे, दोन्ही बाजूंचे, एकाच पुडीतले.

मग एक्सल. त्याच्या दोन्ही कोनांवरून, म्हणजे छर्रे टेकतात त्या उतरत्या भागांवरून, बॉलपेनचं टोक फिरवलं. डोळ्यांना न दिसणारा खड्डासुद्धा पेनच्या टोकाला लागतो. उजवीकडे गंजाचे काळे, खरखरीत ठिपके. डावीकडे वेगळंच: गुळगुळीत खळगे, ओळीने, जवळपास छर्ऱ्याच्या अंतराने. हे पाण्याचं काम नाही. क्रँकला आधार न देता कॉटरवर मारलेल्या हातोड्याचं आहे.

आता सगळा क्रम जुळला. आवाज कॉटरचा, दोष दिला बेअरिंगला. बेअरिंग आवळलं. नवी कॉटर आधार न देता ठोकली, चाकोरीत खळगे पडले. वरून पाणी, मग दोन मोठे छर्रे, मग आणखी आवळणं. मूळ दोष पहिल्याच दिवशी कानशीच्या पंधरा मिनिटांच्या कामाने गेला असता.

जुळणी

नवा एक्सल, नवा डावा कप, नवी लॉकरिंग, बावीस छर्रे, दोन कॉटर. लुधियानाचा माल, काळबादेवीहून मी अशा वस्तू चार-सहा जास्तच आणून ठेवतो. एक्सल घेताना जुना शेजारी ठेवून दोन्ही कोनांमधलं अंतर जुळतं का ते पाहायचं, नुसती एकूण लांबी पाहून चालत नाही. या एक्सलचं एक टोक लांब असतं, ते चेनव्हीलच्या म्हणजे उजव्या बाजूला. उलटा बसवला तर चेनव्हील फ्रेमला घासतं आणि माणूस बी.बी.ला दोष देतो.

बी.बी.च्या नळीतला गंज आणि रॉकेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसलं. रॉकेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. ग्रीस साधं लिथियमचं, एपी-थ्री, गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळतं तेच. कपमध्ये बोटाने जाडसर थर द्यायचा आणि त्यात एक-एक छर्रा रोवायचा. अकरा झाले की थोडी जागा उरते. तिथे बारावा कोंबायचा मोह होतो. तो कोंबला की छर्रे एकमेकांना घासतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग, डावा कप किती फिरवायचा.

या कपला इंचाला चोवीस आटे असतात. म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की कप साधारण १.०६ मिलिमीटर आत जातो. दहा अंश फिरवला, घड्याळाच्या दोन मिनिटांपेक्षाही कमी, तर ०.०३ मिलिमीटर, आपल्या डोक्याच्या केसाच्या निम्माही नाही. जड आणि ढिलं यांच्यामधली बरोबर जागा एवढ्याशा फरकात असते. तिथे जोर चालत नाही, बोटांना लागतं तेच खरं.

क्रँक न लावता आधी नुसता एक्सल बोटांत धरला. कप हाताने आत नेला, छर्रे टेकेपर्यंत. एक्सल फिरवला, कणभर रखरख लागली. कप किंचित मागे घेतला. रखरख गेली, आणि एक्सल वर-खाली हलवला तर अगदी बारीक खुळखुळ जाणवली. पुन्हा पुढे, त्या दोन जागांच्या मधे. इथे थांबलो नाही, जरासा जास्तच आत ठेवला. कारण लॉकरिंग आवळली की ती कपला आट्यांमधली मोकळी जागा संपेपर्यंत बाहेर ओढते आणि बसवलेलं माप थोडं ढिलं पडतं. शिवाय आवळताना कप लॉकरिंगबरोबर फिरूही पाहतो, म्हणून दुसऱ्या हाताने कप पक्का धरावा लागतो. पहिल्या खेपेला माप जमलं नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्यांदा एक्सल पाण्यावर फिरल्यासारखा फिरला. मग क्रँक लावून टोकाला हलवून पाहिलं. क्रँक लांब असतो, त्याच्या टोकाशी बारीक ढीलही मोठी होऊन दिसते. काही हललं नाही.

कॉटर मी जोडीने घासतो. दोन्हींचा उतार सारखा हवा, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि रोज चालवणाऱ्याचा गुडघा दुखायला लागतो. कानशीने दोन-तीन हात, बसवून पाहायचं, काढून चकाकी कुठे पडली ते बघायचं, परत कानस. चकाकी सपाट बाजूभर पसरेपर्यंत. दिशा अशी लक्षात ठेवावी: ज्या बाजूचा क्रँक खाली लोंबतो आहे त्या बाजूची कॉटर जशी बसवली, दुसरा क्रँक खाली आणल्यावर त्याचीही तशीच दिसली पाहिजे, एकीचा नट मागे तर दुसरीचाही मागे. पुन्हा पाइपचा आधार, पुन्हा मोठा हातोडा. कॉटर बसते ती ठोक्याने. नट तिला फक्त धरून ठेवतो. नट आवळून कॉटर ओढायला गेलं की आटे जातात.

रात्रीचे पावणेदहा झाले. मामा समोरच्या ओट्यावर बसून होते. त्यांनी चक्कर मारली, परत आले, आणि म्हणाले, "आवाज न्हाई."

माझ्याकडून राहिलेलं

आठ दिवसांनी मामा परत आले. टकटक नव्हती. पण उजवीकडून बारीक रखरख होती.

उजवा कप मी काढलाच नव्हता. तो सहसा फ्रेममध्येच राहू देतात. मीही टॉर्चने आत पाहिलं, फडक्याने पुसला, चकचकीत दिसला म्हणून ठेवला. डावा कप आणि एक्सल पेनने तपासले, आणि हा मात्र नुसत्या नजरेने. उशीर झाला होता हे खरं, पण ते कारण होऊ शकत नाही. आठ दिवसांत नव्या छर्ऱ्यांवर त्याचे ओरखडे उठले होते.

या वेळी त्याच्या चाकोरीत पेन घातलं आणि एका जागी ते अडखळलं: खालच्या, जराशा मागच्या बाजूला. कप जागचा हलत नाही, त्यामुळे झीज नेहमी तिथेच होते. पाय एक्सलला खाली दाबतो, चेन त्याला मागे ओढते. दोन्ही मिळून भार खाली आणि मागे पडतो. वरचा अर्धा भाग कोरा करकरीत राहतो. टॉर्च मी वरच्या बाजूनेच धरला होता.

उजवा कप काढणं जिकिरीचं असतं. त्याला उलटे आटे असतात. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, बी.बी.त मात्र ते उजवीकडे, आणि इथेच पुष्कळ जण नेहमीच्या दिशेने जोर लावून कप आणखी घट्ट करतात. इटालियन फ्रेममध्ये दोन्हीकडे सरळ आटे असतात, आणि त्यांचा उजवा कप आपोआप सुटत असल्याची तक्रार जुनी आहे. उलट्या आट्यांचा उपयोग तिथे कळतो.

वीस वर्षांचा गंज होता. रॉकेल आणि तेल मिसळून सांध्यावर रात्रभर सोडलं. मामांना एका दिवसापुरती माझी सायकल दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकं काढली, फ्रेम आडवी केली, उजवी बाजू खाली, आणि कपच्या दोन सपाट कडा व्हाइसच्या जबड्यात गच्च धरल्या. मग पाना कशालाच न लावता आख्खी फ्रेमच फिरवली. मी मागच्या टोकाला, भाचा हँडलपाशी, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. फ्रेमच तरफ होते, आणि तिच्याएवढा लांब पाना कुठल्याच दुकानात नसतो. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी "कट्" असा कोरडा आवाज आला आणि कप सुटला. नवा कप त्याच पद्धतीने बसवला, आट्यांना ग्रीस लावून. छर्रे पुन्हा बावीस नवे. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

पाणी येतं कुठून

एवढं करून पाण्याचा रस्ता बंद केला नसता तर पुढच्या जुलैत सायकल पुन्हा दारात असती. बी.बी. जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर असतो, शाळेतल्या पट्टीएवढा. हिंदमाताला गुडघाभर साचलं की तो पूर्ण बुडतो, त्याला इलाज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कित्येक दिवस आम्ही बी.बी.च उघडत होतो आणि कपमधून बोटभर चिखल निघायचा.

पण बुडणं वर्षातून चार-सहा दिवस. रोजचं पाणी वरून येतं, आणि ते कोणी पाहत नाही. सीटचा दांडा जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे मागच्या बाजूला एक चीर असते. पावसाचं आणि मागच्या चाकाने उडवलेलं पाणी त्या चिरेतून नळीत उतरतं आणि सरळ बी.बी.वर येऊन साचतं. मामांचा सीटचा दांडा उपसून फ्रेम उलटी केली तेव्हा पेलाभर लालसर पाणी जमिनीवर पडलं. मामा पाहतच राहिले.

दोन गोष्टी केल्या. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून चिरेवर घट्ट चढवला, दांडा आणि नळी दोन्हींवर येईल असा. आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा मधला भाग कापून, गुंडाळून, बी.बी.च्या नळीत दोन कपांच्या मधे बसवला. एक्सल त्याच्यातून फिरतो. नळीतून झडणारा गंज आणि वरून आलेलं पाणी या आवरणाच्या बाहेरच राहतं, छर्ऱ्यांपर्यंत सहज पोचत नाही. कापताना कड एक्सलला घासणार नाही इतकं मात्र पाहावं.

शेजारच्या एका ओळखीच्याने मामांना सुचवलं होतं की सीलबंद बेअरिंगचा बी.बी. टाका, कटकट जाईल. वाईट सल्ला नव्हता. त्यात जुळवाजुळव नसते. खराब झाला की आख्खा बदलायचा. पण त्यासाठी चौकोनी टोकाचा एक्सल, म्हणजे दोन्ही क्रँक आणि चेनव्हीलही बदलावं लागतं. आणि मामांची सायकल ज्या ज्या गल्लीत बंद पडू शकते, तिथल्या कोणत्याही दुकानात पाव इंची छर्रे आणि कॉटर मिळतात. हा हिशोब मी त्यांना सांगितला. त्यांनी जुनंच ठेवलं आणि मलाही ते पटलं.

नंतर

तीन दिवसांनी मामांना बोलावून दोन्ही कॉटरवर पाइप लावून पुन्हा एकेक ठोका दिला. नवी कॉटर भाराखाली थोडी बसते, तेव्हा हा ठोका राहिला तर ती पुन्हा सैल होते. दिवाळीत क्रँक हलवून पाहिले, फिरवून पाहिले, काही उघडलं नाही.

चैत्रात गावच्या जत्रांसाठी डबेवाले सुट्टी घेतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा सायकल माझ्याकडे सोडून गेले, "आठ दिस हाय, सवडीनं बघा." मी बी.बी. उघडला. ग्रीस काळपट झालं होतं, दुधाळ नव्हतं. बाटलीच्या आवरणावर बाहेरून लाल गाळाचा थर होता, आतून ते स्वच्छ होतं. डाव्या कॉटरची चकाकी सपाट बाजूभर पसरलेली. छर्रे बावीसच्या बावीस, व्हर्निअरवर सगळे ६.३४. उजव्या कपमध्ये पेन आधी खालच्या-मागच्या बाजूला घातलं, मग पूर्ण फेरा फिरवलं. कुठे अडलं नाही.

छर्रे तरीही नवे टाकले, जूनच्या आत. ग्रीस नवं, ट्यूबचा तुकडा नवा. वहीत तारीख टाकली आणि सायकल आतल्या भिंतीला लावून ठेवली, मामा गावाहून येईपर्यंत.